जुन्या गाडीला शॉर्ट शिफ्टर: नवे बुश, कापलेला दांडा, तयार किट की लेथवरचे काम?

१९९८ ते २००३ या काळात भारतात विकली गेलेली होंडा सिटी आणि १९९४ मध्ये आलेली मारुती एस्टीम या गाड्या हौसेने जपणारे लोक आजही पुष्कळ आहेत. त्यांपैकी बऱ्याच जणांची तक्रार एकसारखीच असते. इंजिन अजून खणखणीत आहे, पण गिअरचा दांडा फार लांब फिरतो, मधल्या टप्प्यात तो सैल लागतो आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना हात पार डॅशबोर्डाकडे जातो. त्यावर शॉर्ट शिफ्टर, म्हणजे हालचाल आखूड करणारा दांडा, बसवण्याचा सल्ला लगेच मिळतो. मात्र या एका नावाखाली चार वेगवेगळी कामे केली जातात, आणि त्यांचा खर्च, परिणाम व धोके एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत.

या दोन्ही गाड्यांत इंजिन आडवे बसवलेले असून गिअरबॉक्स त्याच्या शेजारी असतो. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत गाडीच्या पोटाखालून एक सळई जाते. दांडा पुढे-मागे केला की ती सळई सरकते, आडवा केला की ती स्वतःभोवती फिरते. तिच्या जोडीला दुसरी, आधार देणारी सळई असते. दांड्याचा गोळा या आधाराच्या टोकाशी नायलॉनच्या वाटीत बसतो, म्हणजेच दांड्याचा टेकू तिथे असतो. पुढे स्विफ्टसारख्या गाड्यांत सळईऐवजी केबल आली. त्या गाड्यांत हालचाल कमी करण्यासाठी गिअरबॉक्सवरच्या आडव्या पट्टीचे माप बदलावे लागते आणि ते गणित निराळे आहे. जिप्सीत दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसतो. ती गाडी मुळात ज्या कामासाठी घेतली जाते, त्या कामात आखूड हालचालीचा उपयोग फारसा नाही, म्हणून तिचा विचार इथे केलेला नाही.

सळईच्या गाडीतले गणित पहारीचे आहे. टेकूच्या वरचा भाग आणि खालचा भाग यांचे गुणोत्तर जेवढे मोठे, तेवढा हात जास्त फिरतो आणि जोर कमी लागतो. समजण्यासाठी सोपी मापे घेऊ. वरचा भाग ३०० मिमी आणि खालचा ६० मिमी असेल, तर गुणोत्तर ५ येते. गिअर पडण्यासाठी खालचे टोक १२ मिमी सरकावे लागत असेल, तर नॉब, म्हणजे दांड्याच्या वरच्या टोकाची मूठ, ६० मिमी फिरतो. वरचा भाग ५० मिमी कापला, तर हालचाल ५० मिमीवर येते, पण हाताला जोर २० टक्के अधिक लावावा लागतो. वरचे माप तसेच ठेवून खालचा भाग ७५ मिमी केला, तर हालचाल ४८ मिमी होते आणि जोर २५ टक्के वाढतो. दोन्ही बदल एकत्र केले, तर हालचाल ४० मिमी उरते, म्हणजे एक तृतीयांशाने घटते, आणि जोर मात्र दीडपट होतो. जाहिरातीत यातला पहिला आकडा ठळक छापलेला असतो. दुसरा आकडा गाडी बाणेर ते हडपसर या वाहतुकीत चालवायला घेतल्यावर मनगटाला कळतो.

याच गणितातून एका लोकप्रिय युक्तीचा फोलपणाही दिसतो. टेकूच्या पट्टीखाली वॉशर घालून सगळा दांडाच वर उचलण्याची ही युक्ती आहे. त्यात गुणोत्तर तसूभरही बदलत नाही. नॉब हाताजवळ येतो आणि खालच्या सळईचा कोन मात्र बिघडतो. हालचाल खरोखर कमी करायची असेल, तर गोळ्यापासून खालच्या भोकापर्यंतचे अंतर वाढले पाहिजे किंवा गोळ्यापासून नॉबपर्यंतचे अंतर घटले पाहिजे. तिसरा मार्ग नाही.

आता पर्यायांकडे वळू. पहिला पर्याय मूळ दांडा ठेवून सगळे बुश (जोडांत बसणाऱ्या रबरी नळ्या), नायलॉनची वाटी आणि फाटलेले रबरी बूट, म्हणजे जोडांवरची आवरणे, बदलण्याचा आहे. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत लांब हालचाल म्हणून जे जाणवते, त्यातला मोठा वाटा झिजलेल्या जोडांतल्या प्लेचा, म्हणजे सैलपणाचा, असतो. इंजिन बंद ठेवून गाडी गिअरमध्ये टाकावी आणि नॉब दोन बोटांनी हलवावा. तो सैलपणे चांगला बोटभर हलला, तर तेवढी हालचाल गिअर टाकण्याआधीच वाया जाते, आणि शॉर्ट शिफ्टर ती भरून काढू शकत नाही. इंजिनाचे माउंट, म्हणजे ते ज्यांवर टेकते ते रबरी आधारही, याच वेळी तपासावेत, कारण सळईचे एक टोक इंजिनाबरोबर डुलते. माउंट बसला असेल, तर क्लच सोडताना दांडा आपोआप पुढे-मागे झुलतो आणि दोष लिंकेजला, म्हणजे सळई आणि तिच्या जोडांना, दिला जातो. हे सुटे भाग पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला शोधता येतात. कुर्ल्याला जुन्या गाडीवरून काढलेली आख्खी सळई मिळाली, तरी तिचे बुश नवेच घालावेत. रबराऐवजी पॉलियुरेथेनचे कडक बुश घातल्यास नेमकेपणा आणखी वाढतो, पण इंजिनाची थरथर नॉबपर्यंत येते आणि रेड लाइटला उभे असताना ती नक्की जाणवते. असे बुश सिलिकोन ग्रीस लावूनच बसवावेत, अन्यथा ते पुढे करकरतात. माझ्या मते कोणत्याही जुन्या गाडीत हे काम आधी करावे, आठवडाभर गाडी चालवावी आणि मगच पुढच्या पर्यायावर पैसे घालायचे की नाही ते ठरवावे. बरेच जण इथेच थांबतात आणि समाधानी असतात.

दुसरा पर्याय वरून दांडा कापून नवे आटे पाडण्याचा किंवा बुटका नॉब लावण्याचा आहे. हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, त्यासाठी गाडीखाली जावे लागत नाही आणि मोजका केला तर तो वाईटही नाही. आट्यांचे माप मात्र नीट पाहावे. होंडाच्या दांड्यावर एम १० बाय १.५ चे, म्हणजे १० मिमी व्यासाचे आणि दीड मिमी अंतराचे, आटे असतात, त्यामुळे बाजारातला कोणताही नॉब हातात येईल तसा फिरवून बसवू नये. कापण्यात दोन अडचणी आहेत. कापलेला दांडा परत लांब होत नाही, आणि नॉब खाली गेला की उंच माणसाला प्रत्येक वेळी खांदा झुकवावा लागतो. जड नॉबने वाढलेला जोर थोडा भरून निघतो, कारण त्याचे वजन सुरू झालेली हालचाल पुढे नेते. परंतु गिअर आधीच सुटत असेल, तर जड नॉब टाळावा. शिवाय धातूचा नॉब मे महिन्यात नागपूरला उन्हात उभ्या केलेल्या गाडीत हात लावण्याजोगा राहत नाही, हे तो विकणारा सांगत नाही.

तिसरा पर्याय तयार किटचा आहे. त्यात खालचा भाग लांब असलेला एकसंध दांडा, नवी वाटी आणि बुश मिळतात. गुणोत्तर विचारपूर्वक ठरवलेले असते, टोक घासूनपुसून केलेले असते आणि मूळ दांडा शाबूत राहतो, म्हणून चारही पर्यायांत मला हा सर्वांत भरवशाचा वाटतो. अडचण मापाची आहे. परदेशी बाजारातली बहुसंख्य किट होंडाच्याच सिव्हिक आणि इंटेग्रासाठी बनवलेली असतात, आणि होंडा म्हणजे होंडा या समजुतीने ती सिटीसाठी मागवणे धोक्याचे आहे. मागवण्यापूर्वी स्वतःच्या गाडीतला दांडा काढून गोळ्याचा व्यास, गोळ्याच्या मध्यापासून खालच्या भोकापर्यंतचे अंतर, खालच्या बुशची रुंदी आणि बोल्टची जाडी ही चार मापे व्हर्नियरने घ्यावीत आणि विक्रेत्याकडून तीच चार मापे लेखी मागवावीत. जो विक्रेता मापे देत नाही, त्याचे किट घेऊ नये. आणखी एक अपेक्षा आधीच आवरावी. या रचनेत पुढे-मागे होणारी हालचाल घटते, आडवी फारशी नाही. तिसऱ्यातून पाचव्यात जाताना उजवीकडे न्यावे लागणारे अंतर जवळपास पूर्वीइतकेच राहते.

किट मिळत नाही तिथे चौथा पर्याय उरतो आणि एस्टीमवाल्यांची गाठ बहुधा याच्याशी पडते. हे काम दोन प्रकारे होते. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला मूळ दांडा गोळ्याखाली कापतो, मध्ये तुकडा घालून वेल्डिंग मारतो आणि तासाभरात गाडी हातात देतो. हे करू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारची धातू बदलते, प्रत्येक गिअरला वाकण्याचा ताण नेमका तिथे येतो, आणि तो जोड घाटात तुटला तर गाडी ज्या गिअरमध्ये असेल त्यातच अडकते. दुसरा प्रकार म्हणजे लेथवर काम करणाऱ्या चांगल्या टर्नरकडून नवा दांडा बनवून घेणे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरसारख्या ठिकाणी हे काम डोळे झाकून जमेल अशी माणसे आहेत, परंतु नमुना म्हणून मूळ दांडा आणि मापांचे चित्र दोन्ही द्यावे, ईएन-८ पोलादाचा अखंड गज वापरायला सांगावे आणि गोळ्याला आरशासारखे पॉलिश मागावे. खडबडीत गोळा नायलॉनची नवी वाटी थोड्याच काळात खाऊन टाकतो. खालचा भाग १० ते १५ मिमीहून अधिक वाढवण्याचा मोह टाळलेला बरा.

कोणताही पर्याय निवडण्याआधी गिअरबॉक्सची प्रकृती तपासावी. गिअर पडण्याआधी आतल्या दातेरी चाकांचा वेग जुळवणारी कडी म्हणजे सिंक्रो. आखूड दांड्यामुळे सिंक्रोचे काम लवकर होत नाही. हात लवकर पोहोचतो, सिंक्रोला तो वेग जुळवायला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो. साधारण ४० च्या वेगाने तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना खरखर होत असेल, तर दुसऱ्याचा सिंक्रो झिजलेला आहे, आणि शॉर्ट शिफ्टर ती खरखर रोजची करेल. इंजिन चालू ठेवून क्लच दाबावा, चार-पाच सेकंद थांबून रिव्हर्स टाकावा. तरीही दाते वाजले, तर क्लच पुरता सुटत नाही आणि खर्च तिथे करायला हवा. ऑइलही पाहावे. जुन्या होंडाच्या गिअरबॉक्सला पातळ ऑइल लागते, आणि त्यात सवयीने ८०डब्ल्यू-९० हे दाट ऑइल भरले की सकाळी पहिले दोन किलोमीटर दांडा हलता हलत नाही. मारुतीच्या पितळी सिंक्रोसाठी जीएल-४ दर्जाचे ऑइल घ्यावे.

निवड वापरावर अवलंबून आहे. रोज ऑफिसला जाणारी, दिवसभर पहिला-दुसरा करणारी गाडी असेल, तर नवे बुश आणि हवा असल्यास किंचित बुटका नॉब, एवढेच करावे. रविवारी खंबाटकी किंवा वरंध्याला जाण्यासाठी ठेवलेली, सिंक्रो धड असलेली १.५ व्हीटेक सिटी असेल, तर हालचाल २० ते २५ टक्के कमी करणारे मापात बसणारे किट पैशाचे मोल देते. त्याहून आखूड दांडा दाखवायला छान असतो, चालवायला नाही. गाडी घरात दोघे चालवत असतील, तर दुसऱ्या व्यक्तीला बदललेल्या गाडीत बसवून विचारावे, कारण वाढलेला जोर प्रत्येकाला चालतोच असे नाही.

बसवण्याच्या कामात गाडी रॅम्पवर किंवा भक्कम स्टँडवर हवी, नुसत्या जॅकवर नाही, आणि सायलेन्सरचा पाइप थंड झालेला हवा, कारण हात त्याच्या शेजारीच घालावा लागतो. नॉब फिरवून काढावा, कन्सोल व बूट उचलावेत, खालून सळईचा बोल्ट काढावा, मग गोळ्याची पट्टी सोडवून दांडा वर ओढावा. सिटीत सळईच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला एक स्प्रिंग पिन असते आणि ती गंजून बसलेली असते. केवळ दांडा बदलायचा असेल, तर तिला हात लावण्याचे कारण नाही. नवा दांडा घातल्यावर कन्सोल लावण्याआधी प्रत्येक गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहावा. दांडा पत्र्याला, कन्सोलच्या कडेला किंवा खाली उष्णतारोधक पत्र्याला टेकून थांबत असेल, तर गिअर अर्धवट पडतो, वेगात सुटतो आणि त्याचे दाते कायमचे गोल होतात. या एका तपासणीत घाई करू नये. इंजिन चालू करून, ते हलत असतानाही मोकळी जागा राहते का, तेही पाहावे.

पाचएकशे किलोमीटर झाल्यावर खालचा बोल्ट पुन्हा आवळून घ्यावा. रबरी बूट चिरलेला असल्यास पावसाळ्यापूर्वी बदलावा, नाहीतर कोकणातल्या एकाच सहलीत वाटीत पाणी आणि चिखल जाऊन नवे काम जुने होते. केलेला बदल विमा कंपनीला कळवावा, आणि मूळ दांडा त्याच्या बोल्टांसह पिशवीत बांधून ठेवावा, कारण अशा गाड्यांचे गिऱ्हाईक गाडी घेताना तोच आधी मागते.