लुथरन चर्चची रविवारची उपासना : पहिल्यांदा जाणाऱ्यांच्या नजरेतून

नवख्या माणसाची सोय हा एकच निकष धरला, तर लुथरन (म्हणजे सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लुथर याच्या परंपरेतल्या प्रोटेस्टंट) उपासनेला पाचपैकी चार गुण द्यायला हरकत नाही. काहीही पाठ असावं लागत नाही, पुढे काय होणार ते आधीच छापलेलं असतं आणि चांगल्या चर्चमध्ये कुणी तुम्हाला सगळ्यांसमोर उभं करून ओळख द्यायला लावत नाही. एक गुण कापलाय तो प्रभुभोजनासाठी, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीसाठी. तिथली रीत प्रत्येक मंडळीत (चर्चच्या सभासदांच्या समूहात) थोडी वेगळी, आणि ती सांगायला जुनी माणसं हमखास विसरतात.

दारात स्वागताला उभी असलेली माणसं उपासनापत्रिका देतात. ती घ्याच, पुढचा तास-सव्वा तास तिच्याच भरवशावर काढायचा असतो. ठळक अक्षरांतलं मंडळीने म्हणायचं, साध्या अक्षरांतलं पाळकाने, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूने. लाल किंवा तिरप्या अक्षरांत ‘उभे राहा’, ‘बसा’ अशा सूचना असतात, त्या वाचून दाखवायच्या नसतात. सगळा मजकूर पत्रिकेतच छापलेला असेल तर निम्मं काम झालं. काही ठिकाणी मात्र नुसते क्रमांक देतात आणि गीतपुस्तक वापरायला लावतात. तिथे एक गोची आहे. अनेक गीतपुस्तकांत पुढच्या भागातल्या उपासनाविधीला पानांचे क्रमांक असतात आणि मागच्या भागातल्या गीतांना गीतांचे, त्यामुळे पान २०० आणि गीत २०० या दोन निराळ्या जागा असू शकतात. भिंतीवरच्या फळीवर लावलेले आकडे साधारणपणे गीतांचे असतात.

बसायला मधल्या रांगांपैकी एखादी, कडेची जागा बरी. पुढची माणसं कधी उठतात-बसतात ते दिसतं आणि लहान मूल रडलं तर पटकन बाहेरही पडता येतं. पुढच्या रांगा ओस दिसल्या म्हणून लोक आलेच नाहीत असं समजू नका. लुथरन मंडळी मागून भरत येते.

उपासनेचे चार टप्पे असतात : एकत्र येणं, वचन, भोजन आणि पाठवणी. सुरुवातीला पापांची कबुली आणि क्षमेची घोषणा होते. कबुली सगळ्यांनी मिळून, छापील शब्दांत. कुणाला स्वतःचं काही उघड करावं लागत नाही. मग तीन वाचनं. पहिलं बहुधा जुन्या करारातून, त्यानंतर एक स्तोत्र, दुसरं नव्या करारातल्या पत्रांतून आणि तिसरं शुभवर्तमानातून, म्हणजे येशूच्या चरित्रकथांतून. शुभवर्तमानाला सगळे उभे राहतात. बऱ्याच मंडळ्या तीन वर्षांची वाचनमालिका पाळतात : एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक आणि योहान मधूनमधून तिन्ही वर्षांत. म्हणजे पाळकाला आपल्या आवडीचा उतारा उचलता येत नाही, आणि ही आमच्या मते या उपासनेची मोठी जमेची बाजू आहे.

प्रवचन साधारण बारा ते वीस मिनिटांचं. त्याचा साचा ओळखायला सोपा आहे : आधी देवाचं नियमशास्त्र माणसाला त्याची खरी अवस्था दाखवतं, मग शुभवर्तमान दिलासा देतं. नुसते उपदेशाचे डोस पाजून जो पाळक खाली बसतो, त्याने लुथरच्या हिशेबाने काम अर्धवट सोडलेलं असतं. प्रवचनानंतर एक गीत, मतांगीकार (आपल्या श्रद्धेची ठरीव कबुली), मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठीच्या प्रार्थना आणि शांतीची देवाणघेवाण. ‘प्रभूची शांती तुमच्याबरोबर असो’ असं कुणी म्हणालं की ‘तुमच्याबरोबरही’ एवढं पुरे. हात मिळवायचा नसेल तर हात जोडून मान लववली तरी चालतं. काही मंडळ्यांत हा कार्यक्रम पाच मिनिटं लांबतो आणि सगळं चर्च फिरून येतं. नवख्याने जागेवरच थांबावं.

गाणी भरपूर, चार-पाच तरी. मार्टिन लुथरने १५२६ मध्ये जर्मन भाषेतला उपासनाविधी छापला, आणि लोकांनी स्वतःच्या भाषेत स्वतः गावं हा आग्रह त्याच काळातला. ऑर्गनवर आधी ओळख म्हणून चाल वाजते, कधी एक ओळ तर कधी पूर्ण कडवं. तेवढ्यात गायला सुरुवात करणं ही पहिल्यांदा येणाऱ्यांची ठरलेली चूक. शेजारच्यांनी श्वास घेतला की सुरू करा. दानाची थैली किंवा ताट फिरतं तेव्हा पाहुण्याने काही टाकायलाच हवं असं नाही. ती मंडळीची जबाबदारी आहे, निवांत पुढे सरकवा.

आता प्रभुभोजन. भाकर आणि द्राक्षारसात, त्यांच्यासह आणि त्यांच्याखाली ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त खरोखर उपस्थित असतं, अशी लुथरन श्रद्धा आहे. म्हणूनच कोणी यावं याबद्दल मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत. काही चर्च बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला बोलावतात, काही त्याहून मोकळी आहेत, तर मिसूरी सिनड या अमेरिकेतल्या लुथरन चर्चसंघटनेसारख्या संस्थांमध्ये सहसा त्याच विश्वासकबुलीच्या सभासदांनाच भोजन दिलं जातं आणि इतरांनी आधी पाळकाशी बोलावं अशी अपेक्षा असते. पत्रिकेत याची सूचना नसेल, तर तो त्या चर्चचा दोष समजावा.

घ्यायचं नसेल तर दोन वाटा. जागेवर बसून राहा, कुणी वळून बघत नाही. किंवा पुढे जाऊन दोन्ही हात छातीवर आडवे ठेवा; पाळक बऱ्याच ठिकाणी फक्त आशीर्वाद देतो. घ्यायचं असेल तर उजवा तळहात डाव्यावर पालथा न घालता उघडा ठेवावा, भाकर त्यावर ठेवली जाते. इथे घाई करू नका. प्याल्यात बुडवून घ्यायची पद्धत असेल आणि तुम्ही भाकर आधीच खाल्लीत, तर प्याल्यासमोर नुसतेच उभे राहाल. बुडवताना टोकच बुडवावं, बोटं नाहीत. छोट्या प्याल्यांचं ताट आलं तर त्यातले काही बहुधा बिनमद्याच्या द्राक्षरसाचे असतात. ते सहसा रंगावरून किंवा वेगळ्या ओळीवरून ओळखता येतात, पण खात्री नसेल तर विचारा. ग्लूटेनचा त्रास असणाऱ्यांनी उपासनेआधीच स्वागतकाला सांगून ठेवावं. रांगेत असताना सांगितलं तर वेगळी भाकर आणायला धावपळ होते.

मुलांसाठी पुढे बोलावून दोन मिनिटांचा छोटा संदेश असतो. मूल बुजलं तर पाठवू नका. कपड्यांचा नियम नाही. पाळक पांढरा झगा आणि त्यावर चर्चच्या वर्षातल्या त्या काळाच्या रंगाचा पट्टा घालतो किंवा घालते. बाई पाळक असणं एका चर्चमध्ये नेहमीचं, तर दुसऱ्यात मान्यच नाही.

शेवटच्या आशीर्वचनानंतर चहा-कॉफीला थांबायचा आग्रह होतो. पाहुण्यांची चिठ्ठी भरणं ऐच्छिक आहे, फोन नंबर लिहिलात तर फोन येणार हे गृहीत धरा.

पहिल्या भेटीसाठी वेदीवर हिरवं कापड असलेला साधा रविवार निवडा. ईस्टरला गर्दी आणि खास गाण्यांमुळे नेहमीचा क्रम कळत नाही, गुड फ्रायडेला बऱ्याच ठिकाणी आशीर्वचन न होताच लोक शांतपणे निघून जातात, आणि ३१ ऑक्टोबरच्या आसपासचा, लुथरच्या धर्मसुधारणेच्या आठवणीचा रविवार जुन्या सभासदांच्या उत्साहाचा असतो, नवख्याच्या सोयीचा नसतो.