फ्यूजमधली माहिती कर्नलपर्यंत कशी न्यायची: सिस्कॉन, एनव्हीएमईएम की बूटलोडर?

आय.एमएक्स ६ घराण्यातल्या चिपवर बोर्ड उभा करताना हा प्रश्न येतोच. तापमान सेन्सरचं कॅलिब्रेशन, सीपीयूची स्पीड ग्रेड आणि इथरनेटचा मॅक ॲड्रेस चिपच्या फ्यूजमध्ये, म्हणजे एकदाच जाळून लिहिता येणाऱ्या बिटांमध्ये, असतात. ते लिनक्सच्या कर्नलला कोणी सांगायचं?

जुनी पद्धत सिस्कॉनची, म्हणजे एका हार्डवेअरची रजिस्टरं दुसऱ्या ड्रायव्हरला थेट वाचू देण्याची. डिव्हाइस ट्रीतल्या (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलीतल्या) थर्मल नोडमध्ये, म्हणजे तापमान सेन्सरच्या नोंदीत, फ्यूज कंट्रोलरचा संदर्भ द्यायचा आणि थर्मल ड्रायव्हरने रजिस्टर थेट वाचायचं. त्या संदर्भापलीकडे डिव्हाइस ट्रीत लिहायला काहीच लागत नाही, म्हणून मोह होतो. पण कंट्रोलरला स्वतःचं क्लॉक लागतं, आणि ते चालू आहे की नाही हे थर्मल ड्रायव्हरला ठाऊक नसतं. शिवाय कुठला पत्ता वाचायचा हे सी कोडमध्ये गाडलं जातं. नव्या कामात हे नकोच.

एनव्हीएमईएम, म्हणजे फ्यूजसारख्या कायमस्वरूपी साठ्यातून वाचण्याची कर्नलमधली सामायिक व्यवस्था, २०१५ मध्ये कर्नल ४.३ बरोबर आली. यात फ्यूजचा ड्रायव्हर एकच, क्लॉकही तोच सांभाळतो; बाकीचे ड्रायव्हर नावाने सेल, म्हणजे साठ्यातला ठरावीक तुकडा, मागतात. कष्ट आहेत ते पत्ते लिहिताना. आय.एमएक्स ६क्यूच्या मॅन्युअलमध्ये मॅक ॲड्रेसचं शॅडो रजिस्टर (फ्यूजची वाचायची प्रत) हेक्स ६२० वर आहे, सेलच्या रेगमध्ये (पत्ता सांगणाऱ्या प्रॉपर्टीत) मात्र हेक्स ८८ लिहायचं. रजिस्टरं हेक्स ४०० पासून सुरू होतात आणि दर सोळा बाइटांच्या जागेत कामाचे चारच असतात. म्हणून ६२० मधून ४०० वजा करून उरलेल्याला चारने भागायचं, सगळं हेक्समध्येच. मॅन्युअलमधला आकडा तसाच उतरवला तर भलतेच फ्यूज वाचले जातील.

सेल थेट कंट्रोलरच्या नोडखाली लिहिण्याची रीत आता जुनी ठरली आहे. नव्या फाइलीत 'एनव्हीएमईएम-लेआउट' नावाचा नोड करा, त्याला 'फिक्स्ड-लेआउट' द्या आणि सेल त्यात ठेवा. जुन्या कर्नलवर अडकला असाल तरच आधीची रीत धरा. फ्यूज एकदा जळला की परत येत नाही, तेव्हा उत्पादनात जाणाऱ्या बोर्डावर कंट्रोलरच्या नोडला 'रीड-ओन्ली' लावाच.

बूटलोडरची, म्हणजे कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची, वाट फक्त मॅकपुरती बरी: यू-बूट हा बूटलोडर फ्यूज वाचून डिव्हाइस ट्रीत 'लोकल-मॅक-ॲड्रेस' भरतो. कर्नलही आधी हीच प्रॉपर्टी बघतो, ती नसेल तर एनव्हीएमईएमकडे वळतो. बूटलोडर तुमच्या हातात असेल तर ही सोय चांगली आहे. दुसऱ्याने दिलेला असेल तर मॅकचाही सेल लिहून ठेवा.