अकरा महिने, ८४ व्हिडिओ आणि गिटारच्या मधल्या दोन तारा

गेल्या वर्षी गणपती झाले आणि मी गिटार थिअरी व इम्प्रोव्हायझेशनचा (ऐनवेळी सुचेल ते वाजवण्याचा) एक व्हिडिओ कोर्स विकत घेतला. शिक्षक परदेशी, शिकवणं इंग्रजीतून, एकूण ८४ व्हिडिओ, सोबत टॅबच्या (कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं हे दाखवणाऱ्या लिपीच्या) पीडीएफ आणि वाजवायला बॅकिंग ट्रॅक, म्हणजे तयार साथीचं रेकॉर्डिंग. अकरा महिने रोज साधारण ४० मिनिटं दिली. कोर्स दोनदा पूर्ण केला, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

माझी तयारी आधी सांगते, कारण तुमची वेगळी असेल तर अनुभवही वेगळा येईल. ओपन कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर, काही तारा मोकळ्या ठेवून), एफचा बार कॉर्ड (एक बोट तारांवर आडवं दाबून), गाण्याला साथ एवढं येत होतं. लहानपणी मिरजेत पेटी शिकले होते, त्यामुळे सरगम कानात होती. गिटारवर मात्र कुठला सूर कुठे आहे याचा पत्ता नव्हता. कॉर्ड म्हणजे बोटांचा एक आकार, इतकंच.

पहिल्या महिन्यातला सर्वांत चांगला व्हिडिओ जेमतेम सहा मिनिटांचा आहे. गिटारच्या शेजारशेजारच्या तारांमध्ये सगळीकडे सा ते शुद्ध मध्यमाचं अंतर असतं, फक्त तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत (तारा सर्वांत बारीक तारेपासून मोजतात) सा ते शुद्ध गंधाराचं. म्हणून कुठलाही आकार दुसऱ्या तारेवर गेला की एक फ्रेट (दांड्यावरचं अर्ध्या सुराचं घर) पुढे सरकतो. इतकी वर्षं पाठ केलेले कॉर्ड असे का दिसतात, ते त्या सहा मिनिटांत कळलं.

पुढचे तीन महिने मी चुकीच्या पद्धतीने घालवले. व्हिडिओ सुंदर आहेत, एक संपला की दुसरा लागतो. रात्री गिटार हातात न घेता नुसते पाहत बसायचे. मोडची (तेच सात सूर वेगवेगळ्या सुरापासून धरून होणाऱ्या स्केलची) नावं पाठ झाली, केज्ड पद्धतीचे (सी, ए, जी, ई, डी या कॉर्डवरून फ्रेटबोर्ड ओळखण्याचे) पाचही आकार पाठ झाले. एकदा बॅकिंग ट्रॅक लावला आणि पेंटॅटोनिकच्या (पाच सुरांच्या स्केलच्या) एका चौकटीत खाली-वर धावण्यापलीकडे काहीच सुचेना. मनात एकही ओळ नव्हती, तर बोटांतून कुठून येणार?

मग मी व्हिडिओ बंद केले आणि मोबाइलवर तानपुरा लावला. ए मायनर पेंटॅटोनिकचे सूर ए, सी, डी, ई, जी. ए वर सा धरला तर धानीचे सूर. त्याच पाच सुरांत सी ला सा केलं की भूप, ई ला केलं की मालकंस, जी ला केलं की दुर्गा, आणि डी वर मधमाद सारंग. पेटीवर मूर्च्छना (सूर तेच ठेवून सा बदलणं) शिकवताना हेच सांगितलं होतं! कोर्समध्ये या पाच चौकटी पाच वेगवेगळे आकार म्हणून पाठ करायला सांगतात. मी प्रत्येक चौकट सरगम गात वाजवली आणि पंधरा दिवसांत फ्रेटबोर्ड ओळखीचा वाटू लागला. सूर सारखे म्हणून राग झाला असं मी म्हणत नाही. मालकंसाची चाल वेगळी शिकावी लागते. पण बोट ठेवण्याआधी सूर ऐकू यायला लागला, आणि मला हवं होतं ते हेच.

मोडचा विभाग म्हणूनच मला कमकुवत वाटला. ‘सी मेजरच डी पासून वाजवा, झाला डोरियन’ एवढ्याने कानाला काही कळत नाही, सी मेजरच ऐकू येत राहतो. खाली डीचा षड्ज सतत वाजत राहिला की तेच सूर काफी थाटाचे होतात. मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, फ्रिजियन म्हणजे भैरवी, लिडियन म्हणजे कल्याण. ज्यांनी थोडंफार शास्त्रीय ऐकलंय, त्यांनी हा विभाग तानपुरा लावून करावा.

आता ज्यासाठी पैसे वसूल झाले तो भाग. ए मधला बारा बारचा ब्लूज (बार म्हणजे चार मात्रांचा एक गट), त्यात तीनच कॉर्ड: ए सेव्हन, डी सेव्हन, ई सेव्हन. शिक्षक म्हणतो, प्रत्येक कॉर्डचे दोनच सूर वाजवा, कॉर्डच्या मूळ सुरापासून मोजून तिसरा आणि सातवा. ए सेव्हनसाठी चौथ्या तारेवर पाचवा फ्रेट, तिसऱ्या तारेवर सहावा. हे झाले जी आणि सी शार्प. दोन्ही बोटं एक फ्रेट मागे घेतली की एफ शार्प आणि सी, म्हणजे डी सेव्हन. मूळ जागेपासून एक फ्रेट पुढे गेलं की जी शार्प आणि डी, म्हणजे ई सेव्हन. दोन तारा, दोन बोटं, आणि अख्खा ब्लूज ऐकू येतो. पहिल्यांदा हे वाजवलं तेव्हा मी दार लावून तासभर तेवढंच करत बसले. त्या दिवसापासून माझी प्रत्येक ओळ या दोन सुरांपैकी एकावर जाऊन थांबायला शिकली. कॉर्ड बदलला की सी शार्पचा सी होतो. तो अर्धा सूर नेमक्या क्षणी उतरला की मागे ट्रॅक नसला तरी ऐकणाऱ्याला बदल कळतो.

व्हिडिओला एक गोष्ट जमत नाही, ती म्हणजे तुमचं ऐकणं. सहाव्या महिन्यात शेजारच्या काकांना वाजवून दाखवलं. ते तबला शिकवतात, ब्लूजशी त्यांचा संबंध नाही. दोन फेऱ्या ऐकून म्हणाले, “अगं, तू दरवेळी समेवरूनच का सुरू करतेस? थोडी थांब की. मुखडा घेऊन समेवर ये.” सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, मुखडा म्हणजे तिच्यापर्यंत नेणारी छोटी ओळ. सहा महिन्यांत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग त्यांनीच हिशोब मांडला: बारा बार, प्रत्येकी चार मात्रा, म्हणजे ४८. सोळा मात्रांच्या तीनतालाची बरोबर तीन आवर्तनं! ब्लूजच्या तीन ओळीही तशाच पडतात, चार-चार बारच्या. ब्लूजचा झोका वेगळा, एका मात्रेचे तीन भाग करून त्यातले पहिला नि तिसरा वाजवल्यासारखा. पण आवर्तन मोजायची सवय लागल्यावर मी कधी हरवले नाही. आता आठवड्यातून एकदा रेकॉर्डिंग करून त्यांना ऐकवते.

आणखी एक अडचण घेण्याआधी माहीत असावी. शिक्षक इलेक्ट्रिक गिटार वाजवतो आणि तिसरी तार सहज पूर्ण सूरभर ओढतो. माझ्या अकूस्टिकवर तिसरी तार गुंडाळीची आहे, ती तेवढी ओढली जात नाही आणि बोटं सोलतात. मी बेंडच्या (तार ओढण्याच्या) जागी स्लाइड घेते, म्हणजे बोट तारेवरून सरकवते. हे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं.

वेग ७५ टक्क्यांवर आणून पाहण्याची सोय उत्तम. पीडीएफ स्वच्छ. सबटायटल ठीकठाक.

अगदी नवशिक्यांनी हा कोर्स घेऊ नये. कॉर्ड विनासायास बदलता येईपर्यंत मोफत धडे पुरतात. कॉर्ड येतात पण एकट्याने सुचेल ते वाजवता येत नाही, अशांनी जरूर घ्यावा. मात्र दहा मिनिटं पाहिलं तर तीस मिनिटं पडदा बंद ठेवून वाजवायचं, आणि आधी गाऊन मग वाजवायचं. सध्या मी नवव्या बारवर आहे, जिथे ई सेव्हन येतो आणि लगेच दहाव्यात डी सेव्हन. तिथे दोन्ही बोटं दोन फ्रेट मागे जातात. ती उडी ओळीत कशी गुंफायची, यावर पंधरा दिवस झाले, रोज गाऊन पाहते आहे.