वजन वाढलं: थायरॉइड की कॉर्टिसॉल?

वजन वाढलं की खापर थायरॉइडवर फुटतं. खरं तर थायरॉइड मंदावल्याने वाढणारं वजन बहुधा २ ते ५ किलोच, आणि त्यातही चरबीपेक्षा मीठ-पाणीच जास्त. स्नायू आखडतात, पोटऱ्यांत गोळे येतात, रक्तात सीपीके (स्नायूंमधलं एक एन्झाइम) वाढलेलं दिसतं.

अ‍ॅड्रिनल या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचं कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढलं, म्हणजे कुशिंग हा आजार झाला, तर चित्रच वेगळं. पोट सुटतं, चेहरा गोल गरगरीत होतो, मानेमागे चरबीचा उंचवटा येतो. हातपाय मात्र काटकुळे. मांड्यांचे स्नायू इतके झिजतात की खाली बसलेल्या माणसाला हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. सीपीके मात्र बहुधा नॉर्मल! पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे दिसले, तर माझा पहिला संशय इथेच. पुष्कळदा कारण ग्रंथी नसतेच. दम्यासाठी, सांध्यांसाठी महिनोन्‌महिने घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या असतात. त्या परस्पर बंद करू नका, रक्तदाब कोसळू शकतो.