बाझलमध्ये ‘अर्ली म्युझिक’ गायन शिकताना : वर्षअखेरीचा अनुभव

स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या स्कोला कँटोरम बासिलिएन्सिस या संगीतशाळेतलं माझं पहिलं वर्ष संपत आलंय. लहानपणापासून हिंदुस्थानी गाणं, नंतर मुंबईत पाश्चात्त्य गायन आणि मग हा ‘अर्ली म्युझिक’चा, म्हणजे युरोपातल्या जुन्या संगीताचा, अभ्यासक्रम. भारतातून विचारणारे बरेच जण याला ऑपेराचा कोर्स समजतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

1933 मध्ये पाउल झाखर यांनी ही संस्था काढली ती जुनं संगीत त्या त्या काळच्या वाद्यांवर, त्या काळच्या ग्रंथांच्या आधारे अभ्यासण्यासाठी. ल्यूट (तारा छेडून वाजवायचं जुनं वाद्य) किंवा हार्पसिकॉर्डची (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) साथ मुळात हळू आवाजाची. त्यामुळे मोठ्या ऑर्केस्ट्रावरून आवाज फेकण्याची गरज इथे फारशी पडत नाही. गळ्यावर मेहनत होतेच, पण खरा कस लागतो तो कानाचा आणि वाचनाचा.

वाचनाचंच सांगते. पुनर्जागरण काळातली रचना आम्ही मूळ छपाईच्या प्रतीवरून गातो. चौघांच्या हातात चार वेगळी पुस्तकं, प्रत्येकात फक्त आपापली ओळ. मात्रांचे गट पाडणारी उभी रेघ, म्हणजे बारलाइन, नाही. हात खाली-वर करत टॅक्टस, म्हणजे ठेका, धरायचा. एकच चिन्ह कधी दोन मात्रांचं, कधी तीन, हे आजूबाजूच्या चिन्हांवरून ठरतं. कॅडेन्सला, म्हणजे ओळ जिथे विसावते तिथे, स्वर अर्ध्याने चढवायचा असतो, पण तसं छापलेलं नसतं. दुसऱ्याची ओळ कुठे चाललीय ते ऐकून आपण चढवायचा. कोणी चुकलं तर ‘अमुक बारपासून घेऊ’ म्हणायची सोयच नाही. इतरांचं ऐकत ऐकत पुन्हा आत शिरावं लागतं. असं ऐकणं मला आजवर कोणी शिकवलं नव्हतं, आणि एवढ्या एका गोष्टीसाठीही मी इथे पुन्हा आले असते.

स्वरनामं 11व्या शतकातला इटालियन संगीतशिक्षक ग्विदो दारेत्सो याच्या परंपरेतली : उत, रे, मी, फा, सोल, ला. सहाच. मी-फा म्हणजे नेहमी अर्धा स्वर. ओळ सहाच्या बाहेर गेली की नामं बदलायची, म्हणजे चालू ओळीत सा हलवायचा! सरगमची सवय इथे उपयोगी पडते, तशी आडवीही येते.

सगळ्यात आनंद दिला तो गंधाराने. हार्पसिकॉर्ड क्वार्टर-कॉमा मीनटोन या जुन्या पद्धतीने सुरात लावला की त्याचा गंधार सा पासून 386 सेंटवर येतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). पियानोचा 400 वर असतो. तंबोऱ्याच्या खर्जातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार तो हाच. मात्र त्यासाठी पंचम पाचेक सेंटने उतरवलेला असतो आणि आपल्या कानाला तो खुपतो. मला अजूनही खुपतो. नुसत्या आवाजांनी गाताना दोन्ही शुद्ध ठेवायला जावं, तर काही स्वरावलींत सगळ्यांचाच सूर हळूहळू सरकतो. पट्टीचं म्हणाल तर ‘ए’ हा स्वर आज 415 हर्ट्झला, उद्या 466 ला. काळी-पांढरी बदलत गाणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही.

अलंकारांना इथे खरी शिस्त आहे. इटालियन गायक-संगीतकार काच्चीनीने 1602 च्या ग्रंथात सांगितलेला ‘त्रिल्लो’ म्हणजे एकच स्वर गळ्यातून पुन्हा पुन्हा, वाढत्या वेगाने. मोंतेवेर्दीच्या ‘ओर्फेओ’ या ऑपेरात तर एका गाण्याची साधी ओळ आणि अलंकारांनी भरलेली ओळ एकाखाली एक छापली आहे. तानेची तयारी असेल तर गळा फिरतो, पण खाली बास, म्हणजे सर्वांत खालची ओळ, चाललेली असते, त्यामुळे पुढच्या मूळ स्वरावर वेळेत पोचायलाच हवं. मनासारखं रेंगाळता येत नाही.

भाषांचं ओझं मोठं आहे. शिकवणं मुख्यतः जर्मनमध्ये. शिवाय लॅटिनचे उच्चार देशागणिक वेगळे, इटालियन ‘चेलुम’ जर्मनीत ‘त्सेलुम’ होतं. बाझल महाग आहे आणि या क्षेत्रात कायमची नोकरी क्वचितच मिळते. बहुतेक गायक छोट्या एन्सेम्बलमधून (गायक-वादकांच्या गटांतून) कार्यक्रमागणिक काम करतात. घरच्यांशी हे आधीच बोलून ठेवा.

हे संगीत आपल्याकडे अगदीच परकं नाही. गोव्यात 16व्या शतकापासून चर्चला जोडलेल्या शाळांतून युरोपीय गायन शिकवलं जात होतं. इथे आल्यावर मला त्या इतिहासाबद्दल फार आस्था वाटू लागलीय.

यायचा विचार असेल तर आधी जर्मन सुरू करा. मग गाणारे तीन मित्र गाठा, जुन्या पार्टबुकचे (एकेका आवाजाच्या पुस्तकांचे) स्कॅन इंटरनेटवर फुकट मिळतात ते उतरवून घ्या आणि पेन्सिलीने बारलाइन न आखता एक चार आवाजी मोटेट (धार्मिक समूहगीत) शेवटपर्यंत गाऊन बघा. त्यात तासभर कसा गेला ते कळलं नाही, तर अर्ज भरा.