कॅनन ५५-२५० एसटीएम: रेल्वेगाड्यांचे फोटो काढणाऱ्यांनी घ्यावी का?

या लेन्सचे रिव्ह्यू शोधायला गेलं की कोणीतरी विटांच्या भिंतीचा फोटो टाकलेला असतो, कोणी खंड्या पक्ष्याचा, कोणी भाचीच्या वाढदिवसाचा. आम्हा रेलफॅन लोकांना त्याचा उपयोग शून्य. गाडीचा फोटो बघणारा माणूस फोटो बघतच नाही हो, तो आधी लोको म्हणजे इंजिनाचा नंबर वाचतो, मग शेड (इंजिनाची देखभाल जिथे होते ते ठिकाण) बघतो, मग डबे मोजतो, आणि हे सगळं झाल्यावर वेळ उरला तर फोटो चांगला आलाय का ते बघतो. म्हणून म्हटलं आपल्या लोकांसाठी आपणच लिहावं. कॅनन ईएफ-एस ५५-२५० एफ ४-५.६ आयएस एसटीएम, २०१३ ची लेन्स आहे, वजन ३७५ ग्रॅम, माझ्या २००डी कॅमेऱ्यावर असते.

आमच्या ग्रुपची एक पद्धत आहे. अधूनमधून जमायचं, ए४ साईजच्या प्रिंट आणायच्या, मागे पेन्सिलने नाव आणि लेन्स लिहायची आणि सगळ्या उलटसुलट मिसळून टेबलावर टाकायच्या. कोणाचा फोटो हे न सांगता मार्क द्यायचे. या वेळी मी मुद्दाम ५५-२५० चे फोटो दिले आणि एका मित्राने ७०-२०० एफ २.८ चे (एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त), म्हणजे जवळजवळ दीड किलोचा तो पांढरा तोफगोळा. परीक्षकांमधले सगळ्यात कडक म्हणजे रेल्वेतले रिटायर्ड गार्ड काका. त्यांना ब्लर, बोके (मागची धूसर पार्श्वभूमी) वगैरे काही सांगू नका, ते फोटो हातात घेऊन म्हणतात, "इंजिन सिग्नलच्या पुढे आलंय आणि सिग्नल अजून हिरवा? हे कसं काय?" मग कोणीतरी म्हणतं काका तो शेजारच्या लाईनचा आहे, तेव्हा कुठे प्रिंट पुढे सरकते. गाडी जाताना मागून काढलेला फोटो असेल तर शेवटच्या डब्यावर एलव्हीचा (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) बोर्ड दिसलाच पाहिजे, नाहीतर त्यांच्या हिशोबाने ती गाडी पूर्ण गेलीच नाही 😀

तर निकाल. सकाळच्या उन्हातले फोटो, साधारण १०० मिमीच्या आसपास झूम, एफ ८, शटर १/१००० सेकंद, यात कोणालाच फरक ओळखता आला नाही. एकजण छातीठोकपणे म्हणाला हा २.८ वालाच, शार्पनेस बघ ना, आणि मागे पेन्सिलने माझं नाव निघालं. ए४ प्रिंटवर पाच आकडी लोको नंबर स्वच्छ वाचता येतो, खालचं शेडचं नाव वाचता येतं, पेंटोग्राफच्या (वरच्या तारेतून वीज घेणारा इंजिनाच्या छतावरचा सांगाडा) पट्ट्या सुट्या दिसतात. याच्यापुढे आमच्या लोकांना काय पाहिजे?

आता १/१००० का, तर गाडी ताशी ११० ने येत असेल तर सेकंदाला ३० मीटरच्या वर जाते, म्हणजे १/१००० मध्येसुद्धा ३ सेंटीमीटर सरकते. समोरून येणारी असेल तर ते फोटोत कळत नाही, पण बाजूने काढताना कळतं, तिथे १/२००० लागतं. आणि इथेच लोकांचा एक गैरसमज सांगतो, लेन्सवर आयएस लिहिलंय म्हणून शटर कमी ठेवून चालेल असं नाही. तो तुमचा हात हलणं सांभाळतो, गाडीचं पळणं नाही.

फोकस मात्र मला आवडला. एसटीएम मोटर आवाज करत नाही, महागड्या लेन्सच्या मोटरसारखी एका दमात जाते असं नाही पण समोरून येणारं इंजिन पकडून ठेवते. फक्त रात्री किंवा बोगद्यातून बाहेर येताना हेडलाईट थेट आत आला की मागेपुढे करत बसते. त्यावर उपाय म्हणजे गाडी यायच्या आधीच जिथे इंजिन हवंय तिथल्या रुळावर फोकस करून ठेवायचा आणि मॅन्युअलला टाकायचं. एक लक्षात ठेवा, हिची फोकस रिंग इलेक्ट्रॉनिक आहे, कॅमेरा झोपला असेल तर रिंग फिरवून काहीच होत नाही.

झूमबद्दल बोलायचं तर हे खरं भांडणाचं ठिकाण. नवीन पोरं २५० ला ताणून फोटो काढतात, कारण त्यात डबे एकमेकांना चिकटून गाडी लय भारी दिसते. २२ डब्यांची एलएचबी (नव्या पद्धतीचे लांब डबे) गाडी म्हणजे अर्ध्या किलोमीटरपेक्षा लांब, ती सगळी एका वळणावर दाबून बसवली की बघणारा वा म्हणतो. पण काकांनी डबे मोजायला घेतले आणि नवव्या डब्यानंतर मोजता येईनात, झाले मार्क कमी. मलाही हेच पटतं. भोर घाटात पुढचं इंजिन आणि मागे ढकलणारे बँकर एकाच फ्रेममध्ये पाहिजेत ना, १ ला ३७ चा चढ त्या फोटोत जाणवला पाहिजे ना, मग त्याला झूम नाही, वळण आणि रुंद लेन्स लागते. घाटात मी ५५ वरही अडकतो, खिशात किटची १८-५५ ठेवावीच लागते. २५० ला आणखी एक अडचण आहे ती म्हणजे एप्रिल-मे मधली दुपार. रुळावरची गरम हवा हलत असते आणि फोटोत इंजिन पाण्यात बुडाल्यासारखं येतं, नंबर वाचता येत नाही. त्याला दीड किलोची लेन्ससुद्धा काही करू शकत नाही, मित्राच्या प्रिंटही तशाच आल्या होत्या. सकाळी नऊच्या आत उरकायचं, बस.

मग २५० कशाला? सुरक्षित अंतरासाठी. कुंपणाबाहेरून, रोड ओव्हरब्रिजवरून, फाटकाच्या बाहेरून फ्रेम भरते. रुळावर उतरून फोटो काढणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि आमच्याकडे रुळात उभं राहून काढलेली प्रिंट दिसली तर ती न बघताच बाजूला ठेवतात.

खांबांचं आता. ओएचईचे (गाडीला वीज देणाऱ्या वरच्या तारांचे) खांब सरळ लाईनवर जास्तीत जास्त ७२ मीटरवर, वळणावर त्याहून जवळ. इंजिनाच्या तोंडावर खांब किंवा त्याची सावली आली की फोटो बाद, मग लायटिंग कितीही सुंदर असो. २००डी सेकंदाला ५ फोटो काढतो, म्हणजे ११० च्या गाडीत दोन फोटोंच्या मध्ये इंजिन ६ मीटर पुढे सरकलेलं असतं, आणि इंजिनच मुळात २० मीटरचं. बर्स्टवर भरवसा ठेवून बोट दाबून बसलात तर नेमकी पाहिजे ती जागा दोन फोटोंच्या मध्ये निसटते. एकच क्लिक, नजर खांबावर ठेवून. यात लेन्सचा काही दोष नाही पण लोक लेन्सला शिव्या देतात म्हणून सांगितलं.

आणि ऊन. डेक्कन क्वीनचा तोंडावर ऊन पडलेला फोटो का मिळत नाही याचा विचार केलाय कधी? सकाळी सव्वासातला पुण्याहून निघते तेव्हा तोंड पश्चिमेकडे आणि सूर्य मागे, संध्याकाळी ५.१० ला मुंबईहून निघते तेव्हा घाटाकडे येताना तोंड पूर्वेकडे आणि सूर्य परत मागे. राणीसाहेब दोन्ही वेळेला उन्हाला पाठ करून जातात. मे-जूनमध्ये सूर्य उत्तरेकडे सरकतो तेव्हा सकाळी उजव्या अंगाला तिरकं ऊन मिळतं, किंवा मग एखादं चांगलं वळण सापडलं तर. २०२२ मध्ये तिला एलएचबी डबे आणि नवा हिरवा-लाल रंग मिळाला, तो हिरवा सावलीत अगदी काळपट येतो. त्यामुळे एक्स्पोजर थोडं वाढवून काढा, आभाळ पांढरं झालं तरी चालेल.

जिथे ही लेन्स सपशेल हरली ते म्हणजे पावसाळा. जुलै, घाट, धुकं, संध्याकाळ. लांबच्या टोकाला एफ ५.६ म्हणजे २.८ पेक्षा दोन स्टॉप कमी प्रकाश, मित्राचा आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, वाढवली की फोटो दाणेदार होतो) १६००, माझा ६४००. टेबलावर दोन प्रिंट शेजारी ठेवल्या तर सांगायची गरजच पडली नाही. माझ्या फोटोतली झाडं म्हणजे शेवाळ्याचा ढिगारा, त्याच्या फोटोत पानं दिसत होती. वर ही लेन्स वेदर सील्ड नाही आणि माउंट प्लास्टिकचा, त्यामुळे पावसात पिशवी बांधून, छत्री गळ्यात अडकवून कसरत. तुमचे निम्मे फोटो पावसाळ्यातले असतील (कोकणवाले आणि दूधसागरवाले, तुम्हीच) तर पैसे साठवा.

बाकी पुढची काच फोकस करताना फिरत नाही म्हणून ५८ मिमीचा पोलरायझर फिल्टर नीट बसतो, इंजिनाच्या काचेवरची चमक जाते आणि आत बसलेले लोको पायलट दिसतात, तेवढा प्रकाश मात्र कमी होतो. हूड (लेन्सच्या तोंडावरची उन्हाची झापड) बॉक्समध्ये येत नाही, ईटी-६३ वेगळा घ्यावा लागतो, घ्याच, तिरक्या उन्हात फार फरक पडतो. मिररलेस कॅमेरा घेतला असेल तर ॲडॅप्टर लावून हीच चालवा, नवी आरएफ-एस ५५-२१० लांबच्या टोकाला एफ ७.१ आहे, म्हणजे जिथे आधीच रडारड होती तिथे आणखी अंधार.