बेस सापडला, पैसे अजून वसूल व्हायचेत : डेथच्या ‘ह्यूमन’चं २०११चं रीमिक्स

डेथ या अमेरिकी डेथ मेटल बँडचा ‘ह्यूमन’ हा अल्बम काय चीज आहे हे मेटल ऐकणाऱ्यांना ठाऊक आहेच. १९९१, टँपाचा मॉरिसाउंड स्टुडिओ, निर्मिती स्कॉट बर्न्स आणि बँडचा गायक-गिटारवाला चक शुल्डिनर यांची, आठ गाणी, जेमतेम ३४ मिनिटं. मला लिहायचंय ते २०११ साली रिलॅप्स या रेकॉर्ड कंपनीनं काढलेल्या आवृत्तीबद्दल. ही जिम मॉरिसनं नव्यानं मिक्स केलेली, म्हणजे रेकॉर्डिंग तेच, कुठलं वाद्य किती ऐकू यावं हे नव्यानं ठरवलेलं. उन्हाळ्यात घेतली, पावसाळाभर वाजवली, आणि परवा भाचा तोंडावर म्हणाला, ‘‘मामा, जुनं मिक्सिंग म्हणजे पत्र्याच्या शेडात रेकॉर्ड केल्यागत हाय.’’ मी बेळगावच्या उद्यमबागेत पत्र्याच्या शेडातच लेथवर टर्निंगचं काम करतो, तरीही राग आला.

आधी हिशोब. दोन डिस्कची आवृत्ती बाहेरून मागवली. सीडी, टपालखर्च, वर सीमाशुल्क, सगळं धरून २,७०० रुपये. अल्बम ३४ मिनिटांचा, म्हणजे मिनिटाला ऐंशी रुपये पडले. तेवढ्यात कार्बाइड इन्सर्टची एक डबी आली असती आणि तिनं महिनाभर काम केलं असतं. दुसऱ्या डिस्कवर कच्ची रेकॉर्डिंग आहेत. ती एकदा ऐकली आणि ठेवून दिली, त्यामुळे हिशोबात धरत नाही. कुरिअरवाल्यांनी वेगळाच ताप दिला. विकणाऱ्यानं पत्त्यात ‘बेळगाम’ लिहिलं होतं. शहराचं सरकारी नाव २०१४च्या नोव्हेंबरात बदललं, परदेशातल्या माणसाला त्याचं काय! पण कुरिअरच्या ऑफिसातला पोरगा म्हणे, आधार कार्डावर ‘बेळगावी’ आहे, पत्ता जुळत नाही. अर्धा तास मी त्याला एकच गाव समजावत बसलो. शेवटी पार्सल हातात आलं तर सीडीच्या केसचा कोपरा फुटलेला. तक्रार केली तर म्हणतात, पाकीट फोडतानाचा व्हिडिओ पाठवा. असा व्हिडिओ काढतं कोण?

आता बेस.

‘ह्यूमन’वर बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवलाय स्टीव्ह डिजॉर्जिओनं. नाव छापलेलं आहे, पण मूळ मिक्सिंगमध्ये माणूस सापडत नाही. कॉलेजात असताना पुण्याच्या एका मित्रानं मला हा अल्बम कॅसेटवर उतरवून दिला होता, तोही दुसऱ्या कॅसेटवरून. त्यात बेस म्हणजे गिटारच्या बुडाशी असलेला नुसता एक जाडपणा. दोष कॅसेटचा असणार असं धरून चाललो होतो. पुढे म्हापशाच्या एका दोस्ताकडे मूळ सीडी ऐकली, तिथंही तेच.

कारण अवघड नाही. डेथच्या गिटारी डी ट्यूनिंगला उतरवलेल्या, सगळ्यात जाड तार ७३ हर्ट्झच्या आसपास. बेस त्याच्याही खाली एक सप्तक, म्हणजे ३७ हर्ट्झ. आपल्या घरातले साधे स्पीकर ५०-६०च्या खाली फारसं काही देतच नाहीत. त्यातून ड्रमर शॉन राइनर्टचा डबल किक (दोन्ही पायांनी वाजवायचा मोठा ड्रम) पायाखाली अखंड चालू, त्याचा दणका ६० ते १००च्या पट्ट्यात. बेस बऱ्याचदा गिटारचाच रिफ (परत परत येणारा सुरांचा तुकडा) खालून वाजवत असतो. त्यामुळे तो ऐकू यायचा तर वरच्या पट्ट्यात, ७०० हर्ट्झ ते १ किलोहर्ट्झच्या आसपास, जिथं तारेवर बोट लागल्याचा आवाज येतो तिथं, त्याला जागा लागते. १९९१च्या मिक्सिंगमध्ये ती सगळी जागा गिटारींनी खाल्ली. आणि मला खुपतं ते पुढचंच. १९९३च्या ‘इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स’वर हाच डिजॉर्जिओ, हाच स्टुडिओ, निर्मितीलाही हेच दोघं, आणि तिथं बेस लख्ख ऐकू येतो. म्हणजे जमत होतं की!

रीमिक्समध्ये ‘फ्लॅटनिंग ऑफ इमोशन्स’ सुरू झालं, लांबून जवळ येत जाणारे ते ड्रम झाले, रिफ पडला आणि खाली बेस. वेगळा, तारेचा, बोटांचा. हातातलं काम टाकून पहिल्यापासून परत लावलं. ‘लॅक ऑफ काँप्रिहेन्शन’च्या आधीचा तो शांत तुकडा तर नवीनच वाटला. त्या आठवड्यात भेटेल त्याला सांगत होतो, पैसे वसूल.

वसुली पक्की करायची म्हणून भाच्याच्या डॉल्बीवर लावून बघितलं. त्याचा मंडपाचा साउंडचा धंदा आहे. गणपतीच्या आधी अनगोळच्या गोडाऊनमध्ये सगळा सेट लावून चाचणी घेतात. अठरा इंचांच्या सबची (खालच्या आवाजाच्या स्पीकरची) भिंत, वर टॉप, म्हणजे वरच्या आवाजाचे स्पीकर. मला वाटलं, आता डिजॉर्जिओ छातीत वाजणार. कुठलं काय! राइनर्टचे पाय एवढ्या वेगानं चालतात की सबला एक दणका संपवायच्या आत दुसरा येतो. गोडाऊनभर नुसता एक घुमारा, आणि पत्रे थरथरायला लागले. भाच्याची पोरं कान झाकून हसत होती. मग भाच्यानं सब म्यूट केले, नुसते टॉप ठेवले, आणि बेस स्वच्छ बाहेर आला. एवढे लाखाचे सब बंद केल्यावर! धंद्यातला माणूस, त्यालाही नवल वाटलं. तरी निकाल दिलाच : ‘‘गाणं भारी हाय मामा, पण मिरवणुकीत चालायचं न्हाई. नाचणाऱ्यांचे पाय मोडतील.’’ तेव्हापासून त्याच्या मोबाईलवर हेच रीमिक्स असतं, आणि जुन्याला तो शेडातलं म्हणतो.

शहापुरात आमच्या गल्लीत एक तबल्याचे मास्तर आहेत. त्यांना ‘कॉस्मिक सी’ ऐकवलं, गाणं नसलेला तुकडा म्हणून मुद्दाम. डोळे मिटून ऐकलं, बोटं मांडीवर चालली होती. ‘‘हात स्वच्छ हाय पोराचा. वय काय?’’ मी म्हटलं, तेव्हा विशीचा होता. राइनर्ट २०२० साली गेला हे सांगितल्यावर गप्पच झाले. तो आणि गिटारवाला पॉल मास्विडाल हे मूळचे सिनिक या बँडचे, दोघांचा कल जॅझकडे, म्हणून या अल्बममध्ये लय अशी अडून अडून पुढे जाते, हे त्यांना सांगावं लागलंच नाही, त्यांनीच सांगितलं. मग हौसेनं पुढचं ‘व्हेकंट प्लॅनेट्स’ चालू ठेवलं आणि चकचा आवाज आला. ‘‘अरे, सुळेभावीला कुमार गंधर्व जन्मले त्या मुलुखात राहून हे ऐकूलास होय तू? गळा बसेल की त्याचा!’’ काकूंनी आतून चहा आणला म्हणून सुटलो.

गोकाकचा माझा दोस्त याच्या बरोबर उलट टोकाला. घरी कन्नड, माझ्याशी मराठी, आणि डेथ मेटलच्या बाबतीत एकदम सनातनी. (बेळगावात ज्यावरून भाषेचं भांडण होत नाही असं हे एकच संगीत असावं, कारण पहिल्या ऐकण्यात शब्द कुणालाच कळत नाहीत.) त्याचं म्हणणं, चक १३ डिसेंबर २००१ला गेला, रीमिक्स झालं २०११ला, त्याला कुणी विचारलं? ज्यानं अल्बम केला त्यानं बेस खाली ठेवला, तर तो खालीच राहू दे. मी म्हटलं, आणि ज्यानं बेस वाजवला त्याचं काय? यावर आमचं फोनवर बरंच झालं. त्याला दुसरीही एक गोष्ट डाचत होती. ‘‘आवाज धुऊन इस्त्री केलाय.’’ तेव्हा मी ते कानाआड केलं.

श्रावणात माझा सीडी प्लेअर बसला. लेन्स गेली. गणपत गल्लीच्या आसपास दुरुस्तीची जी दुकानं उरलीत त्यांतल्या एकात दिला, तर आज या, उद्या या, पार्ट मुंबईहून यायचाय. पार्ट मुंबईहून चालत येत असावा. कॅसेटचा जुना डेक मात्र शाबूत. बाहेर बेळगावचा पाऊस, काम कमी, म्हणून रात्री तीच पुण्याची कॅसेट लावायला लागलो, आणि रीमिक्सबद्दलचं माझं मत तिथून हलायला लागलं.

पहिलं म्हणजे, जुन्या मिक्सिंगमध्ये चकचा आवाज लांबून, पोकळीतून येतो. रीमिक्समध्ये तो कोरडा आहे, कानाशी येऊन बोलतो. ‘सुइसाइड मशीन’ हे मरण टेकलेल्या माणसाला मरू द्यावं की नाही याबद्दलचं गाणं. तिथं तो लांबचा आवाजच बरा लागतो, निदान मला. दुसरं म्हणजे रीमिक्स सगळंच मोठ्या आवाजात आहे. मास्टरिंगमध्ये बारीक आवाज वर उचलायचे, मोठ्यांची टोकं छाटायची, की सगळं एका पातळीला येतं. आवाज भरगच्च वाटतो, पण चौथ्या गाण्याला कान दमतो आणि हात आपोआप व्हॉल्यूम कमी करायला जातो. कॅसेटवर हात उलट बाजूला फिरतो. शेडात लेथ चालू असताना रीमिक्सच ऐकावं, जुनं त्या गोंगाटात बुडून जातं. पण रात्री घरात सगळे झोपल्यावर हेडफोन लावून ऐकायचं तर जुनं.

तिसरी गोष्ट हिशोबाची आहे. त्या घासलेल्या कॅसेटवर मला आता बेस ऐकू येतो! रीमिक्सवर डिजॉर्जिओ कुठं गिटारला सोडतो, कुठं वर चढतो, ‘सीक्रेट फेस’मध्ये कुठं शिरतो, हे पाठ झालंय. एकदा जागा कळल्यावर कान जुन्या गाळातूनही त्याला बरोबर काढतो. आहे तो तिथं, बारीक आहे, पण आहे. गोकाकच्या दोस्ताला हे कळवलं तर म्हणाला, मग इतकी वर्षं मी काय सांगत होतो? तो हे कधीच सांगत नव्हता.

म्हणजे २,७०० रुपये मी मोजले ते बेस कुठं आहे हे शिकायची फी म्हणून, आणि शिकून झाल्यावर पाटी जुनीच बरी वाटायला लागलीय. भाच्याला हे पटत नाही. त्याचं म्हणणं, कान फुकटात शिकला असता, त्याच्या मोबाईलवर. तेही खरंच आहे, फक्त त्यानं ते उन्हाळ्यात सांगायला हवं होतं.

तुम्ही काय करावं? डेथ पहिल्यांदा ऐकणार असाल तर रीमिक्स घ्या, कुठं काय चाललंय ते कळेल. बेस वाजवत असाल तर घ्याच, पण जिथं स्वस्त मिळेल तिथं. मोठे वूफर असतील तर त्यांच्या भरवशावर राहू नका. आणि १९९१ची सीडी घरात असेल तर रीमिक्स कुणाकडून तरी आठवडाभर उसनं आणा, ऐका, परत करा.

माझी कॅसेट आता फार दिवस टिकायची नाही, पहिल्या बाजूला आवाज लाटा मारतो. मूळ सीडी जुन्या बाजारात शोधतोय. एकानं साडेतीन हजार सांगितले, त्याला रामराम केला. हजाराच्या आत कुणी देत असेल तर बघू, टपालखर्च त्यातच धरून. रीमिक्स विकणार नाही. शेडात लागतं.